रिकाम्या घरात शिरून राहणं हा गुन्हा असावा का? (इंग्लंडमधलं सेक्शन १४४)

सांजवात:

बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकते. मी लंडनमध्ये हिवाळ्यात बेघरांसाठीच्या एका नाइट शेल्टरवर आठवड्यातून एक रात्र जाते. चहा करणं, गाद्या घालणं, नावं लिहून घेणं असली कामं. जागा भरल्या की दारात उभ्या असलेल्या माणसाला "आज जागा नाही" हे सांगायचं काम पण कधी कधी माझ्यावर येतं आणि घरी आल्यावर त्या रात्री झोप लागत नाही. शेल्टरच्या बरोब्बर समोर एक तीन मजली घर आहे, मी जायला लागल्यापासून म्हणजे चार हिवाळे ते बंदच आहे, खालच्या खिडक्यांना लोखंडी पत्रे ठोकलेत, वर मात्र पडदे अजून तसेच लटकतायत. मागच्या महिन्यात एका मुलाला परत पाठवावं लागलं, तो रस्ता ओलांडून त्या घराच्या पायरीवर जाऊन बसला. मी त्याला ब्लँकेट द्यायला गेले तर म्हणाला, आत जाऊन झोपलो तर मी गुन्हेगार, इथे गारठलो तर नाही, बरोबर ना? मी बरोबर म्हटलं, कारण कायदा खरंच तसा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १ सप्टेंबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये राहत्या वापराच्या इमारतीत परवानगीशिवाय शिरून राहणं हा फौजदारी गुन्हा झाला. ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड तेव्हा ५,००० पौंडांपर्यंत. त्याआधी हे मालक आणि घुसलेला माणूस यांच्यातलं दिवाणी भांडण होतं, मालकाने कोर्टात जायचं आणि ताब्याची ऑर्डर आणायची. ज्या कायद्यात हे कलम १४४ घुसवलं त्याच कायद्याने घरांच्या बऱ्याच केसेससाठी सरकारी खर्चाने मिळणारी वकिलाची मदत पण कापली, म्हणजे ज्याला घर नाही त्याच्यावर गुन्हा आणि जो घर जाण्याच्या बेतात आहे त्याला वकील नाही, हे दोन्ही एकाच कागदावर.

मला हा कायदा चुकीचा वाटतो. पण माझं स्वतःचं इथे घर नाही, भाड्याने राहते, त्यामुळे घरमालकांची बाजू मला कमी दिसत असेल. म्हणून धागा काढलाय. मोकळेपणाने लिहा.

---

उंबरठा:

तुमची तळमळ पोचली ताई पण मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, आणि मी काही महालवाला नाही.

२०१० ची गोष्ट. माझी मावशी गेली, मूलबाळ नव्हतं, तिच्या मृत्युपत्राचं सगळं माझ्या गळ्यात. छोटं टेरेस घर, म्हणजे ओळीतलं, भिंतीला भिंत लागून, दोन खोल्या खाली दोन वर. प्रोबेट (कोर्टाकडून मृत्युपत्राला मान्यता) व्हायला वेळ लागतोच, तोवर विकता येत नाही. मी राहायला दीडशे मैल लांब, महिन्यातून एकदा जाऊन पत्रं उचलायचो. एकदा गेलो तर माझी किल्ली चालेना, कुलूपच बदललेलं. दारावर टाइप केलेला कागद, की हे आमचं घर आहे, आत माणूस असताना जबरदस्तीने शिरलात तर तुमच्यावर खटला होईल. माझ्या मावशीच्या दारावर!! पोलिसांना फोन केला तर ते म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे. वकील गाठला, त्याने दोन आठवडे फाइलच उघडली नाही, मग कोर्टाची तारीख, मग बेलिफची, म्हणजे ताबा मिळवून देणाऱ्या कोर्टाच्या माणसाची तारीख. सात आठवडे गेले. मावशीचे फोटोंचे अल्बम जिन्याखाली होते ते कुणीतरी बाहेर पावसात काढून ठेवलेले. पैसे गेले त्याचं एवढं नाही पण ते अल्बम मी अजून विसरलो नाहीये.

२०१२ ला कायदा आला तेव्हा मला बरं वाटलं आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही.

---

पाचोळा:

उंबरठा, वाचून वाईट वाटलं. मी इथे हाउसिंगच्या केसेसवर पॅरालीगल (वकिलांचा मदतनीस) म्हणून काम केलंय, तर थोडी माहिती देतो कारण या विषयावर पेपरांनी तेव्हा फार गोंधळ घालून ठेवला होता.

तो दारावरचा कागद म्हणजे "सेक्शन ६". १९७७ च्या क्रिमिनल लॉ अ‍ॅक्टचं ६ वं कलम, आत कोणी विरोध करणारा माणूस असताना बळ वापरून दार फोडणं हा गुन्हा. हे मुळात भाडेकरूंना गुंडांकरवी बाहेर काढणाऱ्या मालकांना आळा घालायला होतं, स्क्वॉटर लोकांनी, म्हणजे असं घुसून राहणाऱ्यांनी, त्याचा आधार घेतला. पण त्याच कायद्याचं ७ वं कलम कोणी सांगत नाही. तुम्ही त्या घरात राहत असाल आणि सुट्टीवरून परत आलात तर आत कुणी बसलंय, किंवा तुम्ही घर विकत घेतलंय आणि राहायला जाणार आहात, तर त्या माणसाला फक्त निघ म्हणून सांगायचं. नाही निघाला तर गुन्हा, पोलीस अटक करू शकतात, हे १९७७ पासून!! २०११ ला टीव्हीवर जी चित्रं दाखवली, सुट्टीवरून आलेलं कुटुंब रस्त्यावर, बाळंतीण बाहेर, त्या सगळ्यांना आधीपासून संरक्षण होतं. पोलिसांनाच बऱ्याचदा हे कलम माहीत नसायचं ही वेगळी गोष्ट. सप्टेंबर २०११ मध्ये १६० च्या आसपास वकील आणि प्राध्यापकांनी पेपरात जाहीर पत्र लिहून हेच सांगितलं होतं, की मंत्री आणि मीडिया लोकांची दिशाभूल करतायत.

दार फोडलं, सामान मोडलं तर क्रिमिनल डॅमेज आधीपासून आहेच. न भरता वीज वापरली तर १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टमध्ये ते पण आहे.

मात्र उंबरठा, तुमची केस खरंच फटीत पडली. तुम्ही तिथे राहत नव्हता आणि राहायला जाणारही नव्हता, विकणार होता. त्यामुळे ७ वं कलम लागू नाही. तुमच्यासाठी इंटरिम पझेशन ऑर्डर (कोर्टाचा तात्पुरत्या ताब्याचा हुकूम) होती, ती मिळाली की २४ तासांत निघावं लागतं नाहीतर गुन्हा. पण ती कळल्यापासून २८ दिवसांच्या आत मागावी लागते.

---

उंबरठा:

२८ दिवसांचं मला आज तुमच्याकडून कळतंय. त्या वकिलाने सांगितलं नाही.

---

हिरवळ:

मी छोटी लॅंडलॉर्ड आहे, एकच फ्लॅट. एक मुद्दा कोणी बोलत नाहीये की गुन्हा झाल्यामुळे फोन केल्यावर पोलीस येतात. बास, माझ्यासाठी एवढंच पुरेसं आहे. सिव्हिल कोर्टातली तारीख म्हणजे काय असतं ते मी भाडेकरूच्या एका प्रकरणात बघितलंय, महिनोन्महिने. हक्क कागदावर असणं आणि तो हक्क कोणीतरी आज दुपारी येऊन मिळवून देणं यात फार फरक आहे.

---

सांजवात:

उंबरठा, तुमच्या मावशीच्या अल्बमचं वाचून मी थोडा वेळ लॅपटॉप बंद केला. तुमचा राग अगदी खरा आहे. मी धागा काढताना डोक्यात फक्त ते समोरचं पत्रे ठोकलेलं घर होतं, मावशीचं घर नव्हतं.

हिरवळ यांचा मुद्दा पण पटतो. पण मग उत्तर कोर्ट लवकर चालवणं हे असायला हवं ना? तारखा उशिरा मिळतात म्हणून झोपायला जागा शोधणाऱ्याला गुन्हेगार ठरवायचं हे मला कळत नाही.

पाचोळा, लोकांचं मत मागवलं होतं ना सरकारने? त्याचं काय झालं?

---

पाचोळा:

मागवलं होतं. जुलै २०११ मध्ये कन्सल्टेशन काढलं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुदत संपली. २,२१७ उत्तरं आली, त्यातली ९० टक्क्यांहून जास्त गुन्हा करण्याच्या विरोधात. आता हे पण प्रामाणिकपणे सांगायला हवं की त्यातली बरीचशी स्क्वॉटर लोकांच्या स्क्वॉश नावाच्या मोहिमेने जमवलेली होती. पण लॉ सोसायटी ही वकिलांची संघटनाही विरोधात होती, आणि लंडनच्या पोलिसांचंही मत असं की आहे तो कायदा साधारण ठीक आहे, तो नीट वापरायला हवा. तरी मुदत संपून महिना व्हायच्या आत, १ नोव्हेंबरला, संसदेच्या कॉमन्स सभागृहात हे कलम आधीच चालू असलेल्या मोठ्या बिलात घालून मंजूर झालं, २८३ विरुद्ध १३. एवढ्या घाईत की समित्यांमध्ये यावर धड चर्चाच नाही. हॉवचे खासदार माइक वेदरली यांनी हे फार लावून धरलं होतं.

आणि घर नसलेल्यांसाठी काम करणाऱ्या क्रायसिस संस्थेचा तेव्हाचा अभ्यास बघा, बेघर लोकांपैकी ३९ टक्के लोकांनी कधी ना कधी स्क्वॉटिंग केलेलं. म्हणजे पेपरांनी रंगवलेले हौशी पार्टीवाले वेगळे, आणि ही माणसं वेगळी.

---

नदीकाठ:

मी नेदरलँड्समध्ये राहतो, १९ वर्षं झाली, इथला अनुभव लिहितो कारण इथे हे सगळं जास्त जुनं आहे. इथे याला क्राकन म्हणतात.

१९१४ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने असं धरलं की घराला संरक्षण मिळतं ते तिथे खरोखर कोणी राहतं म्हणून, नुसत्या मालकीमुळे नाही. त्यावरूनच पुढे ती प्रसिद्ध रीत आली, रिकाम्या घरात शिरायचं आणि टेबल, खुर्ची, गादी मांडायची, की झालं घर. १९७१ च्या निकालाने तर क्राकरच्या घरात पण पोलिसांना उगाच शिरता येईना. १९८० साल फार तापलं, अ‍ॅमस्टरडॅमच्या रस्त्यातले अडथळे काढायला रणगाडे आणले होते, आणि ३० एप्रिलला राणीच्या राज्यारोहणाच्या दिवशी "घर नाही तर राज्यारोहण नाही" म्हणत दंगल झाली. पण त्याच लोकांमुळे वाचलेलं पण खूप आहे. नीउमार्क्टचा जुना भाग मोठ्या रस्त्यासाठी पाडायचा घाट होता, १९७५ ला क्राकर आणि रहिवासी मिळून उभे राहिले, मेट्रो झाली पण तो रस्ता रद्द झाला. आज मी त्या गल्ल्यांतून सायकलने जातो.

१ ऑक्टोबर २०१० पासून सरसकट बंदी, एक वर्षापर्यंत कैद, मारामारी असेल तर जास्त. आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून २०२२ च्या जुलैपासून खाली करण्याची प्रक्रिया अजून वेगवान केली. घरांची टंचाई त्याने कमी झाली नाही. मुलगी २६ ची आहे, नोकरी चांगली आहे, अजून आमच्याकडेच राहते.

---

कवडसा:

प्रश्न विचारतो, हसू नका. इंग्लंडमध्ये स्क्वॉटर १० वर्षं राहिला की घर त्याचंच होतं म्हणतात ते खरंय? मग गुन्हा केला की तेही बंद झालं का?

---

पाचोळा:

अजिबात हसण्यासारखा प्रश्न नाही, यावर अपील कोर्टापर्यंत केस गेली. जुना नियम १२ वर्षांचा. २००२ च्या लँड रजिस्ट्रेशन अ‍ॅक्टनंतर नोंदणी झालेल्या जमिनीसाठी १० वर्षांनी मालकीसाठी अर्ज करता येतो पण मालकाला नोटीस जाते आणि त्याने हरकत घेतली की बहुतेक वेळा तो अर्ज तिथेच संपतो. आणि २०१५ ला अपील कोर्टाने सांगितलं की सेक्शन १४४ खाली गुन्हा होत असला तरी तेवढ्यामुळे हा हक्क जात नाही. म्हणजे थंडीत एक रात्र झोपायला शिरलेल्या माणसाला तुरुंग होऊ शकतो पण दहा वर्षं कोणाला पत्ता न लागू देता राहिलेल्याचा अर्ज मात्र विचारात घेतला जाईल. कायद्याच्या अभ्यासाच्या दृष्टीने निकाल बरोबर आहे, पण ज्यांच्या नावावर हा कायदा विकला त्या मालकांना हे कोणी सांगितलं नाही.

---

शिंपला:

अजून एक. सेक्शन १४४ फक्त राहत्या घरांना लागू आहे. त्यामुळे लोक पब, ऑफिसं, बंद बँका यांच्यात जायला लागले. २०१७ च्या जानेवारीत बेलग्रेव्हियात ईटन स्क्वेअरमधल्या एका रशियन अब्जाधीशाच्या रिकाम्या इमारतीत शिरून बेघरांना बोलावलं होतं ते आठवत असेल. २०२४ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध शेफ गॉर्डन रॅमसेच्या पबमध्ये. राहायला बांधलेल्या ठिकाणी निदान न्हाणीघर, हीटिंग असतं, या ठिकाणी नसतं. कायद्याने माणसं घरातून काढून गोदामात पाठवली, रस्त्यावरून घरात नाही.

मला लक्षात राहिलेलं मँचेस्टरचं आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या जुन्या स्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीत लोक शिरले, ती फुटबॉलवाले गॅरी नेव्हिल आणि रायन गिग्ज यांनी हॉटेल करायला घेतली होती. नेव्हिलने हाकललं नाही, काम सुरू होईपर्यंत राहा म्हणाला. मालकीही राहिली आणि माणसंही.

---

उंबरठा:

शिंपला, मँचेस्टरमध्ये मालकाने परवानगी दिली. मला कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो का ते खरंच सांगता येत नाही, कदाचित नसतो म्हणालो. पण विचारणं आणि कुलूप बदलणं एकच नाही.

सांजवात ताई, एक विचारतो. तुमच्या मते त्या समोरच्या घरात आणि मावशीच्या घरात फरक काय आणि तो कायद्यात लिहायचा कसा? कारण "मला वाईट वाटतं" यावर कायदा होत नाही.

---

सांजवात:

रास्त प्रश्न आहे, दोन दिवस विचार करून लिहितेय.

फरक वेळेचा आहे. मावशी गेल्यावर घर काही महिने रिकामं राहणारच, तो शोकाचा आणि कागदपत्रांचा काळ आहे, त्या काळात कोणी शिरलं तर तुम्हाला झटपट मदत मिळायला हवी, ७ व्या कलमात वारसाला आणि विकणाऱ्याला बसवलं असतं तर २०१२ चा कायदा लागलाच नसता. एक ओळ वाढवायची होती फक्त! पण चार वर्षं, सात वर्षं पत्रे ठोकून ठेवलेलं घर हे कोणाचं घर उरत नाही, भाव वाढायची वाट बघणारा तो एक आकडा असतो. कायदा आला तेव्हा इंग्लंडमध्ये साधारण ७ लाख घरं रिकामी होती आणि सरकार स्वतः स्क्वॉटर लोकांचा आकडा २०,००० च्या आसपास धरत होतं. मी तर म्हणते वर्षभरापर्यंत रिकामं असेल तर पोलीस, त्यापुढे मालकाने दिवाणी कोर्टात जावं आणि तिथे त्याला पहिला प्रश्न विचारला जावा की बाबा रे, घर इतके दिवस रिकामं का?

आणि हे काही नवीन नाही. १९४६ ला लढाईनंतर घरं नव्हती तेव्हा सैन्याच्या रिकाम्या छावण्यांत लोक शिरले, हजाराहून जास्त छावण्या आणि चाळीस हजारांच्या आसपास माणसं, लहान मुलं घेऊन. सरकार आधी चिडलं, पण मग बऱ्याच छावण्या कौन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) देऊन रीतसर भाडं लावलं. म्हणजे राज्यकर्त्यांनी मनात आणलं तर जमतं. आणि त्याच्या उलट बाजूला १८२४ चा व्हेग्रन्सी अ‍ॅक्ट, ओसाड किंवा रिकाम्या इमारतीत झोपणं हे त्यात सुद्धा गुन्ह्यांच्या यादीत होतं, तेव्हा ते युद्धावरून आलेल्या सैनिकांना लागलं. स्कॉटलंडमध्ये १८६५ पासून परवानगीशिवाय मुक्काम हा गुन्हाच आहे. दोनशे वर्षं आपण हेच औषध देतोय.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. फेब्रुवारी २०१३, केंटमधलं एल्सफर्ड. फळ्या ठोकून बंद केलेल्या एका बंगल्याच्या बाहेर ३५ वर्षांचा बेघर माणूस थंडीने गेला. कायदा लागू होऊन सहा महिने झाले नव्हते. तो कायद्यामुळेच आत गेला नाही असं ठामपणे मी म्हणू शकत नाही. पण आमच्या शेल्टरसमोरच्या पायरीवर तो मुलगा बसला तेव्हा मला तोच बंगला दिसत होता.

---

नदीकाठ:

ताई, तुम्ही म्हणताय तो वर्षाचा नियम इथे होता! १९९० च्या दशकात आणला, वर्षाच्या आत रिकाम्या झालेल्या जागेत शिरलात तर गुन्हा, त्यापेक्षा जास्त काळ रिकामी असेल तर नाही. २०१० पर्यंत चालला. त्यातून काय झालं तर मालकांनी "अँटी-क्राक" कंपन्या धरल्या, थोड्या पैशात कोणालातरी त्या जागेत ठेवायचं, भाडेकरूचे हक्क नाहीत, सांगितलं की निघायचं. जागा वापरात दिसते, वर्ष कधी पूर्णच होत नाही. तरी एक सांगतो, निदान त्यामुळे आत माणूस राहत होता. धाक मालकालाही होता. बंदी आल्यावर तो धाक गेला.

---

हिरवळ:

इथे पण आहेत की तसे, प्रॉपर्टी गार्डियन. माझी भाची एका बंद केअर होममध्ये अशी राहिली, अकरा जणांत दोन शॉवर, फायर अलार्म बिघडलेला, आणि चार आठवड्यांची नोटीस आली की चालू पडा. तिच्यासारख्या नोकरीवाल्या पोरीला हे परवडलं, ज्याच्याकडे डिपॉझिट नाही त्याला ते पण नाही मिळत.

मी अजूनही गुन्हा असावा याच मताची आहे. पण वर्षाचा फरक केला तर माझी हरकत नाही, माझा फ्लॅट वर्षभर रिकामा ठेवणं मला परवडतच नाही. ज्याला परवडतं त्याने उत्तर द्यावं.

---

शिंपला:

रिकाम्या घरांवर कौन्सिल टॅक्स वाढवलाय ना, एप्रिल २०२४ पासून वर्षभर रिकामं असलं तरी कौन्सिल दुप्पट लावू शकतं, १० वर्षं झाली तर चौपट. आणि २००४ च्या हाउसिंग अ‍ॅक्टमध्ये तर कौन्सिलला रिकामं घर ताब्यात घेऊन भाड्याने द्यायची ऑर्डर पण आहे, पण आधी सहा महिने रिकामं पुरायचं ते २०१२ च्या सुमारास दोन वर्षं केलं, आणि शेजाऱ्यांना त्रास होतोय हे पण दाखवावं लागतं. त्यामुळे ती ऑर्डर क्वचितच निघते. लक्षात घ्या, त्याच वर्षी माणसावरचा कायदा कडक झाला आणि रिकाम्या घरावरचा सैल.

---

उंबरठा:

हे त्याच वर्षीचं मला माहीत नव्हतं. हे मला खटकलं, मान्य करतो.

माझं मत पूर्ण बदललं नाहीये. त्या सात आठवड्यांत मला ज्या असहायपणे बसावं लागलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. पण मला हवी होती ती जलद ऑर्डर, कुणाला तुरुंगात टाकायचं नव्हतं मला. त्या घरात जे दोघं होते त्यातली एक मुलगी बेलिफ आले तेव्हा माझ्याकडे बघून सॉरी म्हणाली होती. मी काहीच बोललो नाही.

सांजवात ताई, ते समोरचं घर कोणाचं आहे ते तुम्ही शोधलंत का? लँड रजिस्ट्रीवर थोडे पौंड भरून मालकाचं नाव मिळतं. आणि कौन्सिलमध्ये बहुतेक ठिकाणी रिकाम्या घरांसाठी वेगळा अधिकारी असतो. पाचोळा सांगतायत ती कलमं मला येत नाहीत पण पत्र लिहून लिहून कोणाच्या मागे लागायचं ते मला सात आठवड्यांत चांगलं जमलंय. मसुदा हवा असेल तर मी लिहून देतो.

---

सांजवात:

हवा आहे. मनापासून.

नाव काल काढलं, कंपनी निघाली, पत्ता देशाबाहेरचा. कौन्सिलच्या त्या विभागाला मागच्या आठवड्यात मेल टाकली होती, अजून उत्तर नाही. सोमवारी फोन करणार आहे. घराचा नंबर आणि फोटो तुम्हाला मेसेजमध्ये पाठवते, वरच्या मजल्यावरची एक काच फुटलीय ती पण त्यात दिसतेय, "शेजाऱ्यांना त्रास" मध्ये बसते का ते पाचोळा यांनी बघून सांगा.

---

पाचोळा:

बसू शकेल. पावसाचं पाणी बाजूच्या भिंतीत उतरत असेल तर नक्की. शेजारच्या घरातल्या माणसांना विचारा ओल येतेय का आणि आली असेल तर तारखेसह फोटो घ्यायला सांगा.